डिफॉल्ट ॲडमिन पासवर्ड बदलायचे, पण काम बंद न पाडता (सोलापूरच्या युनिट-ऑफिसांसाठी)

चौदाशे_तेहतीस (धागाकर्ता)

अक्कलकोट रोडचं टॉवेलचं युनिट असो, गारमेंट असो, दवाखाना असो की पतसंस्था, मांडणी जवळपास एकच सापडते. एका जुन्या डेस्कटॉपलाच सर्व्हर म्हणायचं, त्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचं मोफत डेटाबेस सॉफ्टवेअर), त्यावर लोकल व्हेंडरनं लिहिलेलं पगाराचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर. गेटवर हजेरी मशीन, साहेबांच्या केबिनमध्ये डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर), पॅसेजमध्ये स्कॅनवाला प्रिंटर आणि भिंतीला फायबरचा राऊटर. यातल्या बहुतेक वस्तूंचा ॲडमिन पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवला तोच आजही चालू असतो.

लोक आळशी आहेत म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. पासवर्ड बदलला की दुसऱ्या दिवशी कुठलं तरी काम अडतं, मालक तापतात, ‘पहिल्यासारखं करून द्या’ असा हुकूम येतो आणि जुना पासवर्ड परत बसतो. मग पुढची पाच वर्षं कुणी हात लावत नाही. तेव्हा इथे ‘बदला’ एवढंच न सांगता कोणत्या क्रमानं बदलायचं आणि काय अडेल ते लिहू या. सुरुवात एसक्यूएलच्या ‘एसए’ या मुख्य खात्यापासून करतो, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे.

एसए हा सिसॲडमिन, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार असलेला, असतो. ज्याच्याकडे त्याचा पासवर्ड आहे तो एक्सपी-सीएमडीशेल ही एसक्यूएलमधली सोय चालू करून विंडोजच्या आज्ञा देऊ शकतो, त्याही एसक्यूएलची सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्याच्या अधिकारानं. म्हणजे फक्त पगाराचे आकडे जात नाहीत, त्या मशीनवर पाय ठेवायला जागा मिळते.

आधी कोण कोण एसए वापरतंय ते शोधा. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये) सर्व्हरच्या नावावर राइट क्लिक, ॲक्टिव्हिटी मॉनिटर, त्यात प्रोसेसेस. लॉगिन, ॲप्लिकेशन आणि होस्ट नेम हे तीन रकाने बघा. पण तिथे त्या क्षणी जे जोडलेलं आहे तेवढंच दिसतं. रात्री चालणारं बॅकअप किंवा पगाराच्या तारखेलाच उघडणारी एक्सेल शीट त्यात येणार नाही. म्हणून सर्व्हर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, लॉगिन ऑडिटिंग इथे यशस्वी आणि अयशस्वी दोन्ही लॉगिन नोंदवायचा पर्याय निवडा. मुळात तिथे फक्त अयशस्वी असतं. सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय हा बदल लागू होत नाही, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत करा. यानंतर प्रत्येक लॉगिन नाव आणि आयपीसकट एरर लॉगमध्ये उतरतं. पगाराची तारीख मध्ये येईल असा एक पूर्ण महिना चालू ठेवा. लॉग फुगतो, म्हणून काम झालं की परत अयशस्वीवर आणा.

मग एसएचा पासवर्ड थेट बदलू नका. सॉफ्टवेअरसाठी नवीन लॉगिन काढा, त्याला फक्त त्या एका डेटाबेसवर डीबी-ओनर (तेवढ्यापुरता पूर्ण अधिकार) द्या, सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये ते लॉगिन टाका आणि एकेक पीसी नव्या लॉगिनवर न्या. सगळे हलले की एसएला लांबलचक पासवर्ड द्यायचा आणि डिसेबल करायचा. त्याआधी एखादं विंडोज खातं सिसॲडमिन आहे याची खात्री हवीच, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. तसं झालंच तर सर्व्हिस डॅश-एम पॅरामीटर लावून सिंगल यूजर मोडमध्ये सुरू करा. मशीनचा लोकल ॲडमिनिस्ट्रेटर तेव्हा आत येऊ शकतो.

---

कडक_भाकरी

सविस्तर लिहिलंत. पण थेट बदलला तर नेमकं काय बिघडतं? एक पीसी राहून गेला तर तो एकच बंद पडेल ना?

---

चौदाशे_तेहतीस

एकच नाही. लॉगिनला ‘एन्फोर्स पासवर्ड पॉलिसी’ची खूण असेल तर विंडोजचं लॉकआउट धोरण त्यालाही लागतं. राहून गेलेला पीसी जुना पासवर्ड घेऊन दर काही सेकंदांनी धडका मारतो, ठरलेली संख्या ओलांडली की खातंच लॉक होतं आणि नवा पासवर्ड बरोबर टाकणारे वीस जणही अडकतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की नवा पासवर्डच चुकीचा आहे. नवीन लॉगिन काढलं की जुन्या पीसीच्या धडका जुन्या नावावर बसतात, बाकीच्यांचं काम चालू राहतं.

दुसरी गोष्ट बॅकअपची, आणि ही जास्त घातक. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एसक्यूएल एजंट नसतो, त्यामुळे व्हेंडर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक बॅच फाइल (आज्ञांची यादी) लावून देतात आणि तिच्यात एसएचा पासवर्ड सरळ लिहिलेला असतो. पासवर्ड बदलला की बिलिंग बंद पडतं ते लगेच कळतं. बॅकअप बंद पडतं ते कळतच नाही, हार्डडिस्क गेल्यावर कळतं. त्या फाइलमध्ये एसक्यूएलसीएमडी या आज्ञेला यूजर-पासवर्डऐवजी डॅश-ई द्या. मग विंडोजच्या खात्यानं लॉगिन होतं आणि पासवर्ड लिहायची गरजच राहत नाही. टास्क ज्या विंडोज खात्यावर चालतो त्याला बॅकअप ऑपरेटरचा रोल द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअप फाइलची तारीख आणि साइज दोन्ही बघा.

---

शेंगा_चटणी

सगळं बरोबर हाय, पण आपलं टॉवेलचं युनिट. इथं कोण परदेशातनं हॅक करायला येतंय? आमच्या सॉफ्टवेअरला बाहेरनं कुणी जोडतच नाही.

---

जुळे_सोलापूर_नेट

कुणी ठरवून येत नाही, स्कॅनर येतो. २०१६ च्या मिराई बॉटनेटमध्ये (ताब्यात घेतलेल्या डिव्हाइसची फौज उभी करणारा व्हायरस) साठच्या वर यूजर-पासवर्डच्या जोड्या कोडमध्येच लिहिलेल्या होत्या. ॲडमिन-ॲडमिन, रूट-८८८८८८ असलं सगळं. तो इंटरनेटवरचे पत्ते उलटसुलट चाळायचा आणि टेलनेटच्या (दुरून आज्ञा देण्याची जुनी सोय) २३ आणि २३२३ पोर्टवर त्या जोड्या लावून बघायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या, कंपनीवर हल्ला झाला तो असल्याच कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटरच्या फौजेतून. डिव्हाइस बंद-चालू केलं की मिराई मेमरीतून पुसला जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर परत शिरायचा.

आता तुमच्याबद्दल. बाहेरून पोचता येतं की नाही हे असं तपासा. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यात सुरू होत असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एक बाहेरचा आयपी) आहात, बाहेरून थेट येणं जमत नाही. पण डीव्हीआर मोबाईलवर दिसावा किंवा टॅली घरून उघडावी म्हणून कुणी स्टॅटिक आयपी घेतला असेल तर ही आडकाठी गेली. आयपीव्ही सिक्स (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू असेल तर या नॅटचा तिथे उपयोग नाही, तिथे राऊटरच्या फायरवॉलवरच भिस्त.

मग मोबाईलचं वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावरून तो आयपी ब्राउझरमध्ये टाका. ऑफिसच्या वायफायवरून बघण्यात अर्थ नाही, राऊटर स्वतःचंच पान दाखवेल. लॉगिनचं पान आलं तर रिमोट मॅनेजमेंट बंद करायचं. यूपीएनपीही बंद करायचं, कारण त्यातून डीव्हीआर न विचारता स्वतःसाठी पोर्ट उघडून घेतो. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत ८०, ५५४, ८०००, ३७७७७, १४३३, ३३८९ (वेब पान, कॅमेरे-डीव्हीआर, एसक्यूएल, रिमोट डेस्कटॉप यांचे पोर्ट) यांपैकी काही दिसलं तर ते कुणी आणि का उघडलं हे विचारा. उत्तर आलं नाही तर काढून टाका. ज्याला लागतं तो ओरडतोच.

आणि बाहेरून दार बंद असलं तरी एका फसव्या मेलमधून अकाउंट्सच्या पीसीवर व्हायरस आला की तो आतूनच शोध घेतो. आतल्या नेटवर्कवर सगळ्याला ॲडमिन-ॲडमिन असेल तर त्याचं काम दहा मिनिटांचं.

---

गेटपास

हजेरी मशीनबद्दल लिहितो. हा भाग सगळे विसरतात, आणि इथे पैशाचा थेट संबंध आहे.

झेडकेटेको कंपनीच्या पद्धतीच्या मशीनमध्ये एकही ॲडमिन नोंदवलेला नसेल तर मेन्यूचं बटण दाबणाऱ्या कुणालाही मेन्यू उघडतो. तिथे घड्याळ बदलता येतं, नवा ठसा नोंदवता येतो, नोंदी पुसता येतात. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी घड्याळ वीस मिनिटं मागे आणि नंतर परत जागेवर, एवढ्यानं लेट मार्क गायब. म्हणून ॲडमिन नोंदवायचेच, आणि दोन नोंदवायचे: एक एचआरचा, एक मेंटेनन्सचा. एकच ठेवला आणि तो नोकरी सोडून गेला तर रीसेटसाठी व्हेंडरच्या मागे फिरावं लागतं.

दुसरी जागा ‘कॉम की’, म्हणजे पीसीनं मशीनशी जोडताना द्यायचा पासवर्ड. मशीन आणि पीसी ४३७० पोर्टवर बोलतात आणि मूळ की शून्य असते, म्हणजे नसल्यासारखीच. नेटवर्कवरचा कुणीही मोफत सॉफ्टवेअर लावून नोंदी ओढू शकतो. ही की फक्त आकड्यांची असते. मशीनवर बदलली की सॉफ्टवेअरमध्ये त्या मशीनच्या नोंदीतही तीच टाकायची, नाहीतर डाउनलोड होत नाही. क्रम असा ठेवा: आधी सगळ्या नोंदी डाउनलोड, मग मशीनवर की, मग सॉफ्टवेअरमध्ये की, मग परत डाउनलोड करून बघा. पगाराच्या आठवड्यात याला हात लावू नका.

तिसरी जागा पीसीवरच्या हजेरी सॉफ्टवेअरचं लॉगिन. बऱ्याच वेळा ते व्हेंडरच्या नावाचंच असतं, यूजरही तेच आणि पासवर्डही तेच. डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या फाइलमध्ये असेल तर लॉगिन बदलून भागत नाही, फोल्डर शेअर केलेला असला की फाइल सरळ उघडते. शेअरिंग काढा.

---

हिशेबनीस

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत एक गैरसमज दूर करतो. टॅलीला डिफॉल्ट पासवर्ड असा नसतोच. युजर कंट्रोल चालू केला नाही तर लॉगिनच विचारत नाही, म्हणजे डिफॉल्टपेक्षाही वाईट. टॅली प्राइममध्ये कंपनी ऑल्टर करून युजर ॲक्सेस कंट्रोल ‘येस’ करायचा आणि प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं. ‘अकाउंट्स’ नावाचं एकच लॉगिन चार जणांत वाटू नका, एडिट लॉगमध्ये चौघांच्या जागी एकच नाव दिसतं. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर लागतं. त्या ट्रेलमध्ये सगळ्या नोंदींपुढे ‘ॲडमिन’ लिहिलेलं असेल तर ऑडिटरसमोर तुम्ही काय सिद्ध करणार?

टॅली व्हॉल्ट ही वेगळी चीज आहे, त्यात डेटा एन्क्रिप्ट होतो. त्याचा पासवर्ड विसरलात तर टॅली कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. आणि व्हॉल्ट नसेल तर युजर पासवर्ड कितीही कडक ठेवा, डेटा फोल्डर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’नं शेअर असेल तर कुणीही तो उचलून पेनड्राइव्हवर नेऊ शकतो किंवा डिलीट करू शकतो. आधी शेअरच्या परवानग्या बघा.

---

कडक_भाकरी

खरी अडचण व्हेंडरची आहे. पगाराचं सॉफ्टवेअर व्हीबी सिक्स या जुन्या भाषेत लिहिलेलं, एसएचा पासवर्ड प्रोग्रॅमच्या आतच टाकलेला. कॉन्फिग फाइलच नाही. व्हेंडर म्हणतो, ‘बदललात तर सपोर्ट बंद’. आता काय करायचं? त्याच्या सगळ्या ग्राहकांकडे तोच पासवर्ड असणार, हे तर उघडच आहे.

---

चौदाशे_तेहतीस

त्यावर एक उपाय आहे. सुंदर नाही, पण चालतो.

एसए हे नाव बदलता येतं. मूळ एसएचं नाव वेगळं काही तरी ठेवा, त्याला नवा पासवर्ड द्या आणि डिसेबल करा. मग ‘एसए’ याच नावाचं एक नवं साधं लॉगिन काढा, त्याला जुना पासवर्ड द्या आणि फक्त पगाराच्या डेटाबेसवर डीबी-ओनर. सिसॲडमिन द्यायचं नाही. प्रोग्रॅमला फरक कळत नाही. जुना पासवर्ड कमकुवत असल्यामुळे लॉगिन काढताना ‘एन्फोर्स पासवर्ड पॉलिसी’ची खूण काढावी लागेल, नाहीतर तो स्वीकारतच नाही. आता तो पासवर्ड कुणाला माहीत असला तरी एका डेटाबेसपुरता उपयोग, मशीन हाती लागत नाही. सोबत विंडोज फायरवॉलमध्ये १४३३ फक्त त्या चार-पाच पीसींच्या आयपीपुरता उघडा ठेवा.

दोन खबरदाऱ्या. प्रोग्रॅममधलं ‘बॅकअप घ्या’ बटण डीबी-ओनरवर चालतं, पण ‘रिस्टोअर’ किंवा ‘नवीन वर्ष तयार करा’ असं नवा डेटाबेस बनवणारं बटण अडेल. त्या दिवसापुरता डीबी-क्रिएटर रोल द्यायचा, काम झालं की काढून घ्यायचा. आणि एसक्यूएलचं मोठं व्हर्जन अपग्रेड करण्याआधी नावं मूळ जागी आणा.

---

गेटपास

सपोर्ट बंदची धमकी कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी मोडायची. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) पत्रात या ओळी टाका, आहेत तशा उचलल्या तरी चालतील:

‘इन्स्टॉलेशननंतर सर्व ॲडमिन पासवर्ड ग्राहकाच्या ताब्यात राहतील. सपोर्टसाठी व्हेंडरला वेगळे लॉगिन दिले जाईल व काम संपल्यावर ते बंद केले जाईल. एका ग्राहकाकडील पासवर्ड दुसऱ्या ग्राहकाकडे वापरला जाणार नाही. कायम चालू राहणारा रिमोट ॲक्सेस ठेवला जाणार नाही.’

शेवटची ओळ महत्त्वाची. एनीडेस्क या रिमोट ॲक्सेसच्या सॉफ्टवेअरचा अनअटेंडेड पासवर्ड (समोर कुणी नसतानाही आत येऊ देणारा) व्हेंडर स्वतःच्या सोयीनं लावतो आणि तो सगळीकडे एकच असतो. तो काढा, नाहीतर ॲक्सेस कंट्रोलच्या यादीत फक्त व्हेंडरचा आयडी ठेवा.

---

जुळे_सोलापूर_नेट

नवा पासवर्ड कसा ठेवू नये तेही लिहितो. ‘सोलापूर ॲट १२३’, ‘सिद्धेश्वर ॲट १२३’, फर्मचं नाव आणि चालू वर्ष. हे डिफॉल्टपेक्षा चांगले अजिबात नाहीत. गावाचं नाव आणि १२३ लावून बघणं हे हल्लेखोराचं पहिलंच काम.

लांबी वाढवा, १६ अक्षरं किंवा जास्त. चिन्हं मात्र बघून टाका, कारण पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन न होण्याचं अर्धं कारण चिन्हांत असतं. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसशी जोडणाऱ्या ओळीत) अर्धविराम म्हणजे ओळ संपली. एक्सएमएल कॉन्फिगमध्ये अँपरसँड (&) आला की फाइलच वाचली जात नाही. बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह एकटं लिहिलं तर गिळलं जातं. जुन्या डीव्हीआरच्या ऑनस्क्रीन कीबोर्डवर काही चिन्हं नसतातच, आणि काही डीव्हीआर ठरावीक लांबीनंतरची अक्षरं न सांगता कापतात. तेव्हा लहान-मोठी अक्षरं आणि आकडे, बस. लांबीच पुरेशी.

डीव्हीआरचा पासवर्ड बदलल्यावर: मोबाईल ॲप्स अडतील हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) असेल तर तो प्रत्येक आयपी कॅमेऱ्यात लॉगिन करून चित्र घेतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला आणि एनव्हीआरच्या चॅनलमध्ये टाकला नाही तर तो चॅनल काळा होतो. वर एनव्हीआर जुना पासवर्ड मारत राहतो आणि कॅमेरा त्याचा आयपी अर्धा तास लॉक करतो. म्हणून चॅनल आधी डिसेबल, मग कॅमेऱ्याचा पासवर्ड, मग चॅनलमध्ये नवा टाकून चालू.

---

पेठेतला_डेव्हलपर

ओपन सोर्सवाल्यांसाठी.

ओडू (व्यवसायाचं सॉफ्टवेअर): ॲडमिन युजरचा पासवर्ड बदलून लोक निवांत होतात. मास्टर पासवर्ड वेगळा असतो, तो ओडूच्या कॉन्फ फाइलमध्ये असतो आणि मुळात ‘ॲडमिन’ असतो. डेटाबेस मॅनेजरच्या पानावरून त्या एका पासवर्डवर अख्खा डेटाबेस डाउनलोड होतो, डिलीटही होतो. तो बदला आणि त्याच फाइलमध्ये लिस्ट-डीबी ‘फॉल्स’ करा.

ईआरपीनेक्स्ट (हेही तसलंच): चाचणीची तयार डॉकर फाइल (सगळं एकदम बसवून देणारी) वापरून चालू केलं तर ॲडमिनिस्ट्रेटर-ॲडमिन असतं. चाचणीचा सर्व्हरच पुढे खरा सर्व्हर होतो, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

झॅम्प (वेब सर्व्हर आणि मायएसक्यूएल डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज): मायएसक्यूएलचा रूट, म्हणजे मुख्य खातं, बिनपासवर्डचा. पासवर्ड लावला की पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस सांभाळायचं वेब पान) ‘ॲक्सेस डिनाइड, युजिंग पासवर्ड: नो’ म्हणून बसतो. काही बिघडलेलं नसतं, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये अजून रिकामा पासवर्ड आहे. तिथे ऑथ टाइप ‘कुकी’ करा, म्हणजे तो दर वेळी विचारेल. पासवर्ड फाइलमध्ये लिहू नका.

चाचणीच्या खात्यांवरून आठवलं. २०२५ मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या नोकरभरतीच्या चॅटबॉटचं प्रकरण बाहेर आलं. सॉफ्टवेअर पॅराडॉक्स कंपनीचं. संशोधक एका जुन्या चाचणी खात्यात १२३४५६ या यूजर आणि १२३४५६ याच पासवर्डनं शिरले आणि पुढच्या एका त्रुटीमुळे सुमारे ६.४ कोटी अर्जांपर्यंत वाट उघडी होती. म्हणून ‘टेस्ट’, ‘डेमो’, ‘ट्रेनिंग’ नावाची खाती आज शोधा.

---

शेंगा_चटणी

प्रिंटरमध्ये काय असतं राव चोरण्यासारखं?

---

पेठेतला_डेव्हलपर

स्कॅन-टू-फोल्डरचा (स्कॅन थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकण्यासाठीचा) विंडोज पासवर्ड. प्रिंटरच्या वेब पानावर ॲडमिन डिफॉल्ट असेल तर आत शिरणारा सर्व्हरचा पत्ता बदलून स्वतःच्या मशीनचा टाकतो. प्रिंटर साठवलेलं लॉगिन त्याच्याकडे पाठवतो. बसवणाऱ्यानं तिथे सर्व्हरचा ॲडमिनिस्ट्रेटर टाकला असेल तर खेळ संपला. स्कॅनसाठी ‘स्कॅन’ नावाचं वेगळं खातं काढा, त्याला एकाच फोल्डरवर लिहिण्याची परवानगी द्या.

---

हिशेबनीस

नवे पासवर्ड ठेवायचे कुठे, तर कीपास या पासवर्ड साठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये. तिचा मुख्य पासवर्ड लिहून बंद पाकिटात, पाकीट मालकांच्या तिजोरीत. वहीच्या मागच्या पानावर नको आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच.

कायद्याचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. पगाराच्या डेटाबेसमध्ये कामगारांचे आधार आणि बँक खाती असतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत निम्मा स्टाफ सुट्टीवर असतो, तेव्हा हे बदल काढू नका. काही अडलं तर बघायला कुणी नसतं.

---

कडक_भाकरी

नाव बदलायची युक्ती पगाराच्या सॉफ्टवेअरला चालेल. बिलिंगला कॉन्फिग फाइल आहे, तिथे नवीन लॉगिन. पण दोन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर आहेत. बिलिंगच्या सर्व्हरवर एसए डिसेबल केल्यानंतर एरर लॉगमध्ये १८४५६ (लॉगिन फसल्याची एरर), स्टेट ७ दिसत राहिलं तर समजायचं काय? आणि पीसीच्या पडद्यावर मात्र स्टेट १ येतं.

---

चौदाशे_तेहतीस

पडद्यावर कायम १ च येतं, मुद्दाम. खरा स्टेट लॉगमध्ये. ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५ म्हणजे त्या नावाचं लॉगिनच नाही, ७ म्हणजे लॉगिन डिसेबल आहे आणि पासवर्डही चुकीचा. पासवर्ड बरोबर असून खातं डिसेबल असेल तर नंबरच वेगळा येतो, १८४७०. तुम्ही पासवर्ड बदलून मग डिसेबल केलंय, त्यामुळे जुना पासवर्ड घेऊन येणाऱ्याला ७ मिळणार.

ओळीच्या शेवटी क्लायंटचा आयपी असतो. तो आतला असेल आणि नोंदी ठरावीक अंतरानं येत असतील तर राहून गेलेला प्रोग्रॅम आहे. राऊटरच्या डीएचसीपी यादीत (कुठल्या मशीनला कुठला आयपी दिला ती) त्या आयपीपुढचं नाव बघा. वजनकाट्याचा पीसी किंवा गोडाऊनमधला बारकोडवाला आधी तपासा, ते दोन हमखास यादीतून सुटतात. आयपी बाहेरचा असेल, त्यातही एसएसोबत ॲडमिन, रूट, टेस्ट अशी नावं स्टेट ५ घेऊन येत असतील, तर ते तुमचं कुणी नाही. १४३३ बाहेर उघडा आहे, आधी राऊटरवर जाऊन तो बंद करा.